चिनी माणसाला इंग्रजीतला 'टेक' शिकवायचाय? मग या क्रमाने शिकवा

हा लेख त्या मराठी मंडळींसाठी आहे ज्यांना चिनी लोकांना इंग्रजी शिकवायची वेळ येते. आणि अशी मंडळी आता बरीच आहेत, कुणी लँग्वेज एक्स्चेंजवर मँडरिनच्या, म्हणजे प्रमाण चिनी भाषेच्या, बदल्यात इंग्रजी शिकवतं, कुणी चाकण-रांजणगावकडे चिनी कंपनीत आहे आणि तिकडून आलेला इंजिनियर रोज जेवताना 'हे बरोबर बोललो का' विचारतो, कुणी तिकडे एमबीबीएसला आहे. चीनमधल्या शाळकरी मुलांना परदेशात बसून ऑनलाइन शिकवायचं काम जुलै 2021 मधे तिथल्या सरकारने नियम बदलल्यापासून बंदच झालं, त्यामुळे आता आपल्याकडे येतात ते बहुतेक मोठे लोक, नोकरी करणारे, ज्यांना परीक्षा नाही तर मीटिंगमधे बोलायचंय. मी अशाच लोकांना शिकवते. 'टेक' (take) या एका क्रियापदावर नीट वेळ घातला तर त्यांचं बोलणं जेवढं सुधारतं तेवढं दुसऱ्या कशाने सुधारत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीलाच एक सांगते, डिक्शनरी उघडून 'टेक'चे पंधरा-वीस अर्थ आणि प्रत्येकापुढे चिनी शब्द अशी यादी देऊ नका. ती यादी त्यांच्याकडे आधीपासून आहे. 2001 पासून चीनमधे बहुतेक शाळांत तिसरीपासून इंग्रजी आलं, गाओकाओ म्हणजे त्यांची बारावीनंतरची प्रवेश परीक्षा, तिच्यात इंग्रजीला 150 मार्क, आणि पुढे कॉलेजला 1987 पासून चालू असलेली सीईटी-4 नावाची देशभराची इंग्रजी परीक्षा. एवढ्यातून गेलेल्या माणसाला 'टेक-टुक-टेकन' झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. येत नाही ते बोलताना. तोंड उघडलं की डोक्यात पहिला चिनी शब्द येतो, त्याचं इंग्रजी होतं, आणि वाक्य निघतं 'आय ईट मेडिसिन', 'आय सिट सबवे', 'गो देअर नीड टू अवर्स'. तिन्हीकडे 'टेक' हवं होतं आणि तिन्हीकडे ते डोक्यात आलंच नाही. म्हणजे आपलं काम अर्थ शिकवायचं नाहीच, आपलं काम आहे योग्य जागी 'टेक' आपोआप तोंडात यायला लावणं.

पायरी 1: आधी तुमचा स्वतःचा 'ट' तपासा

हे बहुतेक जण सोडूनच देतात. मँडरिनमधे आपल्यासारखा त-द, क-ग असा फरक नाही, तिथे फरक आहे तो श्वासाच्या झटक्याचा, म्हणजे आपल्या भाषेत त आणि थ, क आणि ख, प आणि फ असा. चिनी शब्द रोमन लिपीत लिहितात तेव्हा 'डी' लिहिलेला असतो तो प्रत्यक्षात आपल्या त सारखा आणि 'टी' असतो तो थ सारखा. आता आपण मराठी माणसं 'टेक' म्हणतो तेव्हा ट कोरडा असतो, हवा बाहेर पडत नाही, आणि चिनी कानाला तो चक्क 'ड' वाटतो, म्हणजे त्याला 'डेक' ऐकू येतं. तो मान हलवतो आणि आपल्याला वाटतं समजलं. इंग्रज-अमेरिकन माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ट हवेच्या झटक्यासकट म्हणतो, साधारण ठ च्या जवळ. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा, 'टेक' म्हटल्यावर ती हलली पाहिजे. त्याला हे शिकवायची गरज नाही, त्याचं बरोबरच येतं, हे तुमच्यासाठी आहे.

त्याची अडचण शब्दाच्या शेवटाला असते. मँडरिनमधे शब्दाचा शेवट स्वराने, 'न'ने, 'ङ'ने किंवा फार तर 'र'ने होतो, क-ट-प वर शब्द संपतच नाही. त्यामुळे 'टेक'चा क एक तर गळतो किंवा मागे एक छोटा 'अ' चिकटतो आणि 'टेक-अ' होतं. सुटा शब्द घोटवत बसू नका, पुढचा शब्द स्वराने सुरू होणारा द्या: 'टेक इट', 'टेक अ बस', 'टेक ऑफ'. बोलताना 'टे-किट', 'टे-कॉफ' असं जोडून म्हणायला लावलं की क आपोआप पुढच्या शब्दाला चिकटतो आणि मागचा जादाचा 'अ' जातो.

पायरी 2: नेणे आणि आणणे

इथे आपण आणि ते अगदी एका बाजूला आहोत. चिनीत हातात धरणं म्हणजे 'ना', सोबत बाळगणं म्हणजे 'ताय', आणि त्याला 'लाय' म्हणजे ये जोडलं की आणणं, 'छ्यू' म्हणजे जा जोडलं की नेणं. आपलं 'घेऊन ये' आणि 'घेऊन जा' हेच की! तरी ते चुकतात, कारण नुसतं 'ताय' आठवतं आणि मागचं ये-जा राहून जातं, मग पार्टीचं आमंत्रण देताना 'प्लीज टेक युअर वाइफ टू माय हाउस' असं काहीतरी होतं.

उपाय सोपा आहे, त्याला आधी चिनीत पूर्ण वाक्य म्हणायला सांगा. मागे 'लाय' आलं तर 'ब्रिंग', 'छ्यू' किंवा 'चोउ' आलं तर 'टेक'. हा 'चोउ' म्हणजे निघून जाणं, आणि त्यातला च चमच्यातला, चहातला नव्हे. हा च आपल्याला जन्मजात येतो, त्याचा चिनी शिकताना खूप फायदा होतो. असो. दहा मिनिटांत हे जमतं, जास्त रेंगाळू नका.

पायरी 3: वेळ लागणे

'इट टेक्स समबडी सम टाइम टू डू समथिंग' हा फॉर्म्युला चिनी शाळेत जाऊन आलेल्या प्रत्येकाला पाठ असतो, स्पेंड-टेक-कॉस्ट-पे या चौघांतला फरक हा तर त्यांच्या परीक्षेतला ठरलेला प्रश्न. कागदावर पैकीच्या पैकी. पण बोलताना येतं 'आय कॉस्ट टू अवर्स', 'आय स्पेंड टू अवर्स टू कम', किंवा ते वरचं 'नीड टू अवर्स'. का? कारण चिनीत एक तर माणूसच वेळ खर्च करतो, त्याला 'ह्वा' म्हणतात आणि पैशालाही तोच शब्द, नाहीतर प्रवासाला दोन तास 'याओ' म्हणजे हवेत. आपलं 'मला दोन तास लागले' हे मात्र इंग्रजीच्या फार जवळ आहे, वेळ लागतो आणि ज्याला लागतो तो 'ला' लावून बाजूला. त्यामुळे आपल्याला हे कधी शिकावंच लागलं नाही आणि म्हणून त्यांना हे जड का जातं ते चटकन कळत नाही. 'आय टुक टू अवर्स' हे चूक नाही, तेही चालतं, पण बोलताना सवय 'इट'ने सुरुवात करायची लागली पाहिजे.

मी काय करते, वाक्य बनव म्हणत नाही, फक्त प्रश्न विचारते आणि तेही त्याच्या आयुष्यातले. 'हाउ लाँग डझ इट टेक टू गेट टू युअर ऑफिस?' उत्तर 'इट टेक्स'ने सुरू झालंच पाहिजे, आधी नुसतं 'इट टेक्स फॉर्टी मिनिट्स', त्यात माणूस घालायचाच नाही. मग बेजिंग ते शांघाय फास्ट ट्रेनने किती वेळ, 2011 मधे सुरू झालेली ती लाइन, 1318 किलोमीटर, साधारण साडेचार तास, हा आकडा सगळ्यांना माहीत असतो आणि सांगताना त्यांना अभिमानही वाटतो. मग विमानाने किती, एअरपोर्टला जायला किती, सिक्युरिटीला किती. मग उलटं, त्याने मला पुणे-मुंबईबद्दल विचारायचं. असे वीस-पंचवीस प्रश्न झाले की 'इट टेक्स' जिभेवर बसतं, आणि माणूस कुठे घालायचा ते नंतर एका वाक्यात सांगता येतं: 'इट टुक मी अ इयर'. मग पैशासाठी 'कॉस्ट', आणि 'आय स्पेंट टू अवर्स' नंतर 'टू कम' नाही, 'कमिंग'. हे त्यांना आठवण करून दिली तरी पुरतं.

पायरी 4: त्यांच्या 'ता'ची मदत घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका, गरज पडली तर दोन दिवस द्या.

चिनीत एक क्रियापद आहे 'ता', मूळ अर्थ मारणे, ठोकणे. पण फोन करायचा तर 'ता तिएन-ह्वा', टॅक्सी करायची तर 'ता-छअ', इंजेक्शन घ्यायचं किंवा द्यायचं तर 'ता-चन', छत्री उघडून धरायची तर 'ता-सान', शिंकायचं तरी 'ता' आणि बास्केटबॉल खेळायचं तरी 'ता', हॉटेलात उरलेलं जेवण बांधून घ्यायचं तर 'ता-पाओ'. यातल्या बहुतेक ठिकाणी कुणी कुणाला मारत नाही. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, फेरी मारतो, बुडी मारतो, शिवाय 'घरी पोचलास की फोन मार' म्हणतो तसंच. ही तक्रार जुनी आहे बरं का, अकराव्या शतकात सोंग राजवटीतले मोठे विद्वान ओउयांग श्यू यांनी लिहून ठेवलंय की लोक हे 'ता' जिथे तिथे वापरतात, मासे पकडायलाही, पाणी काढायलाही, होड्या बांधायलाही.

विद्यार्थ्याला आधी एक प्रश्न विचारा: 'ता'चा अर्थ काय? तो म्हणेल 'हिट'. मग विचारा, फोनला का मारतोस? तो हसेल, आणि मग थोडा विचार करून स्वतःच म्हणेल की इथे 'ता'ला फारसा अर्थ नाही, अर्थ 'तिएन-ह्वा'त आहे. इथेच थांबा आणि सांगा, 'टेक'पण असंच आहे. 'टेक अ फोटो', 'टेक अ शॉवर', 'टेक अ ब्रेक', 'टेक अ लुक', 'टेक नोट्स' यात काम नाम करतं, 'टेक' फक्त त्या नामाला वाक्यात उभं करतं. ज्या भाषेत 'ता' आहे त्या भाषेच्या माणसाला ही कल्पना परकी नाही, फक्त कुणी त्याला तसं सांगितलेलं नसतं, त्याच्या वहीत 'टेक' म्हणजे 'ना', हातात धरणे, एवढंच लिहिलेलं असतं, आणि मग 'टेक अ शॉवर' त्याला शॉवरचा पाइप उचलून नेण्यासारखं वाटतं.

इथून पुढे वहीत 'टेक' हा शब्द एकटा लिहायलाच मनाई करा. कायम नामासकट लिहायचा, आणि मधला 'अ' सोडायचा नाही, कारण चिनीत आर्टिकल नसतात आणि 'टेक फोटो', 'टेक शॉवर' ही त्यांची हमखास सवय. 'टेक-अ-फोटो' हा एकच शब्द आहे असं समजून पाठ करायचा. 'टेक नोट्स' आणि 'टेक मेडिसिन'ला 'अ' नाही, तेही तसंच्या तसं पाठ.

पायरी 5: जिथे चिनीत वेगळंच क्रियापद आहे ती चार ठिकाणं

आता त्या जागा, जिथे भाषांतर हटकून दगा देतं.

औषध. चिनीत औषध खातात, 'छ्र याओ'. हिंदीतही दवाई खातात, आपण मात्र गोळी घेतो, म्हणजे मराठी शिक्षकाला इथे आयतीच सोय. माझी एक विद्यार्थिनी नर्स आहे, तिच्यासाठी हे रोजचं. तिला मी पूर्ण संवाद करून दिला, पेशंट विचारतो दिवसातून किती वेळा, ती सांगते 'टेक वन टॅब्लेट थ्री टाइम्स अ डे, आफ्टर मील्स'. पहिल्या दिवशी ती 'ई' म्हणून थांबायची, 'ईट' ओठावर यायचं आणि ती ते गिळून 'टेक' म्हणायची. हा थांबा दिसला की खूश व्हा, आणि थोडा वेळ द्या, मधे शब्द पुरवू नका, कारण त्याच क्षणी जुनी सवय सुटत असते.

वाहन. चिनीत बसमधे, ट्रेनमधे, विमानात 'च्वो', म्हणजे बसतात. म्हणून 'सिट द बस'. 'टेक द बस', 'टेक द मेट्रो', 'टेक लाइन टू', आणि लगेच जोडून रस्ता सांगणं, 'टेक द सेकंड लेफ्ट'. हे नकाशा उघडून शिकवा. त्याच्याच शहराच्या मेट्रोचा नकाशा घ्या आणि त्याला म्हणा मी आत्ता स्टेशनवर उतरलेय, मला तुझ्या घरी यायचंय, सांग कशी येऊ. एका कामात 'टेक'चे तीन वापर होतात आणि शेवटी 'इट टेक्स ट्वेंटी मिनिट्स' पण येतंच.

परीक्षा. इथे दोघांनी सांभाळायचं. चिनीत परीक्षेत 'त्सान-च्या' करतात, सहभागी होतात, म्हणून 'जॉइन द एक्झाम' किंवा 'अटेंड द एक्झाम' येतं. आणि आपण परीक्षा देतो म्हणून भारतात सर्रास 'गिव्ह द एक्झाम' चालतं. भारतात ठीक, पण तुमच्या विद्यार्थ्याला तो बाहेर वापरायचाय, तिथे परीक्षा शिक्षक 'गिव्ह' करतो आणि विद्यार्थी 'टेक'. 'त्सान-च्या' या एकाच शब्दाची इंग्रजीत चार घरं आहेत, क्लब 'जॉइन' करायचा, मीटिंग 'अटेंड' करायची, स्पर्धेत 'टेक पार्ट', परीक्षा 'टेक'. चार चित्रं दाखवा, चार वाक्यं घ्या, पुढे चला.

फोटो. हा त्यांना येतो, वेळ घालवू नका, फक्त 'अ' तपासा आणि 'ऑफ' शिकवा: 'कॅन यू टेक अ फोटो ऑफ अस?'

पायरी 6: टुक आणि टेकन तोंडात आणणं

चिनीत क्रियापद बदलत नाही. काल, आज, उद्या, मी, तो, ते, सगळ्यांना तेच रूप, आणि काम झालं हे दाखवायला मागे 'ल' लागतो, पण तो भूतकाळाचा प्रत्यय नव्हे, काम पूर्ण झाल्याची खूण आहे. म्हणून 'यस्टरडे आय टेक द ट्रेन' हे त्याला पूर्ण वाटतं, 'यस्टरडे' म्हटलं की, आता अजून काय सांगायचं? प्रत्येक चुकीला टोकलंत तर तो बोलायचाच बंद होईल. त्यापेक्षा रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं ठेवा: काल दिवसभर काय केलंस, फक्त 'टुक' वापरून सांग. 'आय टुक अ शॉवर, आय टुक द मेट्रो, आय टुक अ नॅप, आय टुक माय सन टू स्कूल'. जरा यांत्रिक वाटतं पण दिनक्रम सगळ्यांचा सारखाच असतो, त्यामुळे शब्द शोधायला डोकं लागत नाही आणि सगळं लक्ष 'टुक'वर राहतं. 'ही टेक्स'मधला 'स' असाच, नवऱ्याचा किंवा बायकोचा दिनक्रम सांगायला लावायचा.

पायरी 7: ऑफ, आउट, अप, ओव्हर

चिनी विद्यार्थी ही जोड-क्रियापदं टाळतात. 'टेक ओव्हर'ऐवजी एखादा भारदस्त एकेरी शब्द शोधतात, कारण तो डिक्शनरीत एका ओळीत सापडतो. पण ऑफिसात लोक 'टेक ओव्हर'च म्हणणार आणि हे गांगरणार. सगळी देऊ नका, सुरुवातीला पाचच पुरेत.

'टेक ऑफ' दोनदा येतो: कपडे-बूट काढणं, त्याला चिनीत 'थ्वो', आणि विमान उडणं, त्याला 'छी-फेई'. दोन्हीत वस्तू कशावरून तरी सुटते, हे हाताने करून दाखवलं की पटतं. 'टेक आउट' बाहेर काढणं, त्यावरून घरी न्यायचं जेवण. 'टेक ओव्हर' कामाचा ताबा घेणं. 'टेक अप' नवीन छंद धरणं, आणि जागा किंवा वेळ खाणं. 'टेक आफ्टर' आईवडिलांवर जाणं, हा त्यांना आवडतो कारण मुलाबाळांबद्दल बोलता येतं. जागेचा नियम मात्र सांगावाच लागतो, 'टेक ऑफ युअर शूज' चालतं, 'टेक युअर शूज ऑफ' चालतं, पण 'इट' किंवा 'देम' असेल तर ते मधेच, 'टेक देम ऑफ'. आणि 'टेक आफ्टर' कधीच तुटत नाही.

याच वेळी 'टेक प्लेस' घ्या. चिनीत घडणं म्हणजे 'फा-शंग', त्यालाच 'हॅपन' आणि त्यालाच 'टेक प्लेस'. ठरवून होतं ते 'टेक प्लेस', मीटिंग, लग्न, मॅच. अचानक होतं ते 'हॅपन'. आणि ते 'वॉज टेकन प्लेस' असं पॅसिव्ह करून बोलतात, अगदी चांगले शिकलेले सुद्धा. इथे एकच वाक्य घट्ट बसवा: 'द मीटिंग टुक प्लेस ऑन मंडे'. 'वॉज' नाही म्हणजे नाही.

तास कसा लावायचा

चीनची घड्याळं देशभर एकच आणि आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे त्यांचे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपले संध्याकाळचे साडेसहा. नोकरीवाल्याला हीच वेळ जमते. गूगलच्या फाइल, यूट्यूबची लिंक पाठवू नका, तिकडे साधेपणाने उघडत नाहीत. तुम्ही चीनमधे असाल तर वीचॅट पुरतं, भारतात मात्र त्यावर 2020 पासून बंदी आहे, तेव्हा दोन्हीकडे चालेल असं काहीतरी आधी ठरवून घ्या, आणि व्हॉइस मेसेज तर याच कामासाठी केल्यासारखे असतात. रोज एक मेसेज, अर्धा मिनिट, त्यात तीन वेळा 'टेक'. तुम्ही ऐकायचं, एकच गोष्ट दुरुस्त करायची, आणि बरोबर वाक्य स्वतःच्या आवाजात परत पाठवायचं, तो ते पुन्हा म्हणून पाठवेल. लिहून दुरुस्ती पाठवली तर तो वहीत उतरवेल, छान अक्षरात, आणि बोलताना पुन्हा तेच.

'समजलं का' हा प्रश्न तासात विचारूच नका. 'येस येस' येणार. त्याऐवजी त्याला म्हणा, तुझ्या सहकाऱ्याला हे चिनीत समजावून सांगायचंय असं धर आणि सांग, 'टेक' कधी येतं. तुम्हाला चिनी फार येत नसलं तरी 'ना' आला, 'ता' आला, 'च्वो' आला हे कानाला कळतं. नुसतं 'ना-ना' ऐकू आलं तर चौथ्या पायरीवर परत जा.

एवढं सगळं रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत बसतं, आणि त्यानंतर 'गेट' घ्या. क्रम हाच ठेवा, पण 'ता'ची युक्ती तिथे तितकी चालत नाही, कारण 'गेट टायर्ड', 'गेट अँग्री' मधे नाम नसतंच. तिथे सुरुवात 'ल'पासून करायची, 'थकले', 'चिडले' असा बदल झाला हे चिनीत तो 'ल'च दाखवतो.